आपल्या टाइपचं नसलेलं किंक वाचायचं कसं

एखाद्या लेखिकेवर आपण फिदा असतो, तिची प्रत्येक चावट गोष्ट रात्र जागून वाचलेली असते, आणि मग तिची नवीन गोष्ट येते आणि वर टॅगमध्ये, म्हणजे आत काय आहे ते सांगणाऱ्या शब्दांत, लिहिलेलं असतं, पाय. किंवा लेटेक्स, ते अंगाला चिकटणारे रबराचे कपडे. किंवा गुदगुल्या. आपण म्हणतो हे काय आता, आणि टॅब बंद. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि त्यात काही गैर नाही, आपल्याला जे आवडतं तेवढंच आयुष्यभर वाचलं तरी कोणी विचारायला येत नाही. पण इरॉटिका वाचायची आवड असेल आणि अलीकडे सगळ्याच गोष्टी सारख्या वाटायला लागल्या असतील, तर एकदा शेजारच्या गल्लीत डोकावून बघा असं मी म्हणेन, आणि कसं डोकवायचं तेच खाली लिहितेय.

आधी कशाला डोकवायचं ते सांगते. साध्या सेक्स सीनचा एक क्रम ठरून गेलाय, चुंबन, कपडे, पलंग, शेवट, आणि तो इतक्यांदा लिहिला गेलाय की चांगला लेखकसुद्धा तिथे झोपेत लिहिल्यासारखं लिहितो कारण वाचक बाकीचं स्वतःच भरून घेणार हे त्याला माहीत असतं. किंक, म्हणजे नेहमीच्या सेक्सच्या वाटेबाहेरची एखादी खास आवड, लिहिणाऱ्याला ही सूट नाही. ज्याला बुटाच्या चामड्याच्या वासाने काहीतरी होतं त्याला ते तुमच्यापर्यंत पोचवायला तो वास, ती चकाकी, लेस सोडतानाचा तो वेळ, सगळं नीट लिहावंच लागतं. शिवाय तो स्वतःच्या आवडीबद्दल लिहीत असेल तर वर्षानुवर्षं त्यावर विचार करून बसलेला असतो, आणि असा माणूस बोलायला लागला की ऐकायला मजा येते, विषय कुठलाही असो.

आता पहिलं काम, स्वतःची नावड नीट ओळखा. "मला नाही आवडत" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कंटाळा, वाचलं आणि काहीच झालं नाही, पाय म्हणजे पाय, त्यात काय एवढं. दुसरी म्हणजे ई, यक्, अंगावर शहारा, पण पान मिटलं की दोन मिनिटांत विसरलो. याला नेटवर स्क्विक म्हणतात, शब्द जुना आहे, नव्वदच्या दशकातल्या युजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या, काळातला, आणि त्यात सोय अशी की स्क्विक म्हणताना आपण समोरच्याला वाईट ठरवत नाही, फक्त आपल्याला ते झेपत नाही एवढंच सांगतो. तिसरी म्हणजे खरा त्रास, जुन्या कुठल्यातरी अनुभवाला धक्का लागणं, छातीत धडधड, झोप उडणं. तिसऱ्या प्रकारासाठी हे लिखाण नाहीये. तिथे जाऊ नका, "सवय होईल" म्हणून तर अजिबातच नको, गोष्ट वाचणं हा काही उपचार नाही.

पहिल्या दोघांतला फरक मात्र कामाचा आहे. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्झी इन्स्टिट्यूटमधल्या जॉन बॅन्क्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन यांनी ड्युअल कंट्रोल मॉडेल म्हणून एक मांडणी केली, थोडक्यात सांगायचं तर माणसाच्या कामेच्छेला एक अॅक्सिलरेटर असतो आणि एक ब्रेक, आणि दोन्ही स्वतंत्र चालतात. आपण समजतो आपला ब्रेक लागलाय, पण बऱ्याचदा ब्रेक वगैरे काही नसतो, फक्त अॅक्सिलरेटरवर कोणाचा पाय पडलेला नसतो. कंटाळावाल्या ढिगातली किंक्स अशी असतात, आणि सुरुवात तिथूनच करायची. ई-वाल्या ढिगात नंतर, मूड चांगला असताना, आणि तिथलं सगळं वाचून काढायची सक्ती नाही.

अजून एक, म्हणजे पुढे वाद नको. यात जे काही चाललंय ते प्रौढ माणसांबद्दल. लहान मुलं असलेलं काही समोर आलं तर तो आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही, तिथून सरळ बाहेर.

गोष्ट निवडणं हे अर्धं काम आहे, खरं तर अर्ध्याहून जास्त. ज्या किंकशी आपलं काही घेणंदेणं नाही त्यातली पहिली गोष्ट जर रद्दी निघाली तर आपण ते किंकच रद्दी म्हणून टाकून देतो, जे अन्यायाचं आहे, आपल्या आवडीच्या प्रकारात आपण शंभर वाईट गोष्टी पचवलेल्या असतात की. म्हणून टॅग वाचायला शिका. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, जी २००९ पासून चालू असलेली फॅनफिकची, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींची, मोठी साइट आहे, तिथे चार ठराविक वॉर्निंग असतात, उघड हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीन पात्रांचा सेक्स, आणि त्याशिवाय लेखक स्वतःचे हवे तेवढे टॅग लावतो. नवीन लोक एका ठिकाणी हमखास फसतात. "कुठलीच वॉर्निंग लागू नाही" आणि "लेखकाने वॉर्निंग न द्यायचं ठरवलंय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ या चारातलं काही नाही. दुसरीचा अर्थ काहीही असू शकतं, आपल्या जबाबदारीवर आत या. आणि "डेड डव्ह, डू नॉट ईट" असा टॅग दिसला तर समजायचं की वर जे लिहिलंय तेच आत आहे, पूर्ण आहे, आणि नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. नवख्याने तिथे पहिल्याच दिवशी जाऊ नये.

त्याच साइटवर नको असलेले टॅग वगळून सर्च करता येतो, ते जरूर करा. म्हणजे समजा तुम्हाला दोरीने बांधण्याचं वाचून बघायचंय पण मारहाण नकोय, तर मारहाण वगळून टाका, दोन्ही एकत्र यायलाच पाहिजे असं काही नाही. लिटरोटिकासारख्या साइटवर, जी १९९८ पासून आहे, टॅगपेक्षा कॅटेगरी आणि स्टार यावर काम चालतं, आणि तिथे एका कॅटेगरीतले स्टार दुसरीशी लावून बघू नका. काही कॅटेगरीत वाचकांमध्येच भांडणं असतात, बायको दुसऱ्याबरोबर जाते या प्रकारच्या गोष्टींना तर केवळ राग म्हणून कमी स्टार देणारे लोक आहेत, गोष्ट कितीही चांगली असू दे.

मग माझे काही ठोकताळे. छोटी गोष्ट घ्या, दोन ते पाच हजार शब्दांची, वीस भागांची मालिका नको. शक्यतो ओळखीच्या पात्रांची घ्या, फॅनफिकचा हाच मोठा फायदा आहे, माणसं आधीच आवडती असतात त्यामुळे फक्त किंक नवीन असतं, सगळंच नवीन नसतं. आणि सुरुवातीला अशी गोष्ट शोधा जिच्यात दोघांपैकी एकजण नवखा आहे. त्याला पण माहीत नसतं हे काय चाललंय, त्याला पण थोडं हसू येतं, तो पण विचारतो, आणि त्याच्या मागे मागे आपण आत जातो. सगळी पात्रं आधीच त्यात मुरलेली असतील तर आपण लग्नात चुकीच्या हॉलमध्ये शिरल्यासारखे उभे राहतो, सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपल्याला कोणी जेवायला पण विचारत नाही.

आता मुख्य भाग, वाचायचं कसं. माझं एकच म्हणणं आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं, वस्तूकडे बघू नका, पात्राला त्या वस्तूतून काय मिळतंय ते बघा. किंक कितीही विचित्र दिसलं तरी त्याच्या खालची भावना सहसा आपल्या ओळखीची असते. पायांच्या गोष्टीत पाय हे निमित्त, खरी गंमत बऱ्याचदा गुडघ्यावर बसण्यात असते, किंवा ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही अशा भागाकडे कोणीतरी इतक्या निगुतीने लक्ष देतंय यात असते. दोरीच्या गोष्टी, ते जपानी शिबारी वगैरे, त्या वेळेबद्दल असतात, एकेक वेढा हळूहळू पडतो आणि बांधून घेणाऱ्याच्या डोक्यातले सगळे निर्णय एकेक करून गळून पडतात, आता मला काहीच ठरवायचं नाहीये. दिवसभर ऑफिसात लोकांना उत्तरं देऊन आलेल्या माणसाला ही इच्छा कळत नाही असं होणार नाही, दोरी आवडो न आवडो. झुलवत ठेवण्याच्या गोष्टी वाट बघण्याबद्दल असतात. गुदगुल्यांच्या गोष्टीत शरीर आपलं ऐकत नाही आणि वरून हसू येतंय, ही हतबलता असते. अपमानाच्या गोष्टी सगळ्यात गैरसमज झालेल्या, त्यात शिवी महत्त्वाची नसते, आपलं सगळ्यात लाजिरवाणं रूप कोणीतरी बघितलं आणि तरी ते माणूस उठून गेलं नाही, हे महत्त्वाचं असतं. निदान चांगल्या गोष्टीत. वाईट गोष्टीत नुसत्याच शिव्या असतात.

ओमेगाव्हर्स घ्या. २०१० च्या आसपास एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या फॅनफिकमधून हा प्रकार आला आणि मग सगळीकडे पसरला, त्यात माणसांचे लांडग्यांच्या कळपासारखे अल्फा, बीटा, ओमेगा असे प्रकार असतात, वासावरून जोडीदार कळतो, ठराविक काळाने शरीर पेटतं, पुरुष पण गरोदर राहतात, बाहेरून ऐकलं तर माणूस म्हणेल काय वेड लागलंय का. पण वाचायला बसलं की कळतं, मूळ प्रश्न हा आहे की माझं शरीर एक सांगतंय आणि मी वेगळंच ठरवलंय, तर मी कोण. किंवा, समोरच्याला मी आवडतो की फक्त माझा वास. हे कळलं की लांडग्यांची सगळी बायोलॉजी आपोआप मागे जाते आणि लोक त्या जगात लाखो शब्द का लिहून बसलेत तेही समजतं.

म्हणून वाचताना दर पानावर स्वतःला विचारायचं, याला नक्की काय हवंय, आणि ते मागताना तो काय पणाला लावतोय. इच्छा आणि धोका, दोन्ही दिसले की गोष्ट चालते. समजा इच्छा कळतच नाहीये, तर जागा बदला. गोष्टीत सहसा दोन माणसं असतात, एकाच्या डोक्यात शिरता आलं नाही तर दुसऱ्याच्या शिरा. शरण जाणाऱ्याचा आनंद आपल्याला उमगत नसेल तर हुकूम देणाऱ्याकडे बघा, तो समोरच्याचा श्वास कसा मोजतोय, कुठे थांबतोय, इतकं लक्ष आयुष्यात आपल्याकडे कोणी दिलं होतं का. आणि पायांचं वेड नसलेली पण वेड असलेल्या माणसावर प्रेम करणारी पात्रं पण असतात, ती तर आपल्यासारख्या वाचकासाठी देणगीच.

बदली करायची पण एक युक्ती आहे. जिथे जिथे बूट येतो तिथे मनात आपली कमजोरी ठेवायची, कोणाचा आवाज असेल, मान असेल, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या असतील. सुरुवातीची दोन पानं याने मस्त जातात. पण पूर्ण गोष्टभर करू नका असं माझं मत, कारण मग आपण परत आपलीच गोष्ट वाचतोय, आणि तेच करायचं होतं तर इथे आलो कशाला.

उड्या मारून वाचू नका, हे मी जरा जोर देऊन सांगते. साध्या इरॉटिकात आपल्याला सवय असते, पटपट खाली जायचं, पलंग आला की थांबायचं. किंकच्या गोष्टीत पलंग कधी कधी येतच नाही. अख्ख्या गोष्टीत कोणी कोणाचे कपडे काढत नाही आणि तरी ती त्यांच्या लोकांसाठी आगीसारखी गरम असते. तिथला मसाला भलतीकडेच असतो, आधीच्या बोलणीत, काय चालेल काय नाही हे ठरवताना, पेटी उघडताना, बक्कल लागतानाच्या आवाजात, आणि सगळं झाल्यावर अंगावर पांघरूण घालून पाणी पाजण्यात, ज्याला आफ्टरकेअर म्हणतात. तुम्ही ते सगळं गाळून "मेन" सीनला पोचलात तर तुम्हाला कोरडी हाडं मिळणार आणि तुम्ही म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं का.

हसू आलं तर हसा. लोकांना वाटतं हसलो म्हणजे अपमान केला, पण किंकवाल्यांच्या गोष्टीत पात्रंसुद्धा हसतात, लेटेक्सच्या सूटमध्ये अडकलेला कोपर हे विनोदीच आहे आणि त्यांनाही ते माहीत असतं. फक्त पहिल्या परिच्छेदापासूनच खिदळायच्या तयारीने बसलात तर काही आत जाणार नाही.

अंगात काही झालं नाही तर? तर काय, काही नाही. लोक इथे गोंधळ करतात, त्यांना वाटतं इरॉटिका म्हणजे अंग तापलं तरच वसूल. करुण नाटक बघून आपण रडतो आणि तरी म्हणतो काय सुंदर होतं, आपल्यावर दुःख ओढवायला पाहिजे अशी कोणाची अट नसते. आपल्याकडे रसाची चर्चा करणाऱ्यांनी, भट्टनायकाने वगैरे, हजारएक वर्षांपूर्वी साधारणीकरण म्हणून हेच सांगून ठेवलंय, की रंगमंचावरची भावना त्या पात्राची पण राहत नाही आणि माझी खाजगी पण राहत नाही, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. शृंगाराला तेच लागू. दुसऱ्याची हाव बघून मला हाव सुटली नाही तरी ती हाव किती खरी आहे हे मला कळलं, तर गोष्ट पुरेपूर मिळाली.

आणि अंगात काही झालं तर? हा प्रश्न लोक विचारत नाहीत पण घाबरतात यालाच. घाबरू नका. शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे आपल्याला ते प्रत्यक्षात हवंय असं नसतं, शरीर आणि इच्छा यांचं नेहमी जुळत नाही हे लैंगिकतेवर काम करणारे लोक सतत सांगत असतात. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या क्वेबेकमधल्या १५०० हून जास्त प्रौढांना त्यांच्या फँटसींबद्दल विचारलं होतं, ५५ प्रकारच्या फँटसी होत्या, आणि त्यातल्या खरोखर दुर्मिळ म्हणाव्यात अशा फक्त दोन निघाल्या. कोणीतरी आपल्यावर हुकूमत गाजवावी ही कल्पना तर निम्म्याहून जास्त बायकांची आणि निम्म्याहून जास्त पुरुषांची निघाली. आणि शरण जाण्याच्या टोकाच्या कल्पना सांगणाऱ्या बऱ्याच बायकांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे प्रत्यक्षात घडावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. तेव्हा ज्याला तुम्ही विचित्र समजून लांब ठेवलं होतं ते कदाचित तितकंसं विचित्र नाहीच, आणि ते आवडलं म्हणून कपाटात चाबूक आणून ठेवायची गरज पण नाही.

संमतीबद्दल थोडं. काही किंक्सचा पायाच जबरदस्तीच्या कल्पनेवर असतो आणि अशा गोष्टीत पात्रं सेफवर्ड, म्हणजे उच्चारला की सगळं थांबवायचं असा शब्द, ठरवत बसत नाहीत. ते बघून वाचक वैतागतात, हे चूक आहे म्हणतात. प्रत्यक्षात चूकच आहे, पण गोष्टीत ती संमती वाचकाकडून घेतलेली असते, टॅगमधून, आणि तुमचा सेफवर्ड म्हणजे बॅक बटण. हे पटत नसेल तर तो प्रकार सोडून द्या आणि ज्यात पात्रं आधी बोलून घेतात अशाच गोष्टी वाचा, त्याही ढिगाने आहेत. बीडीएसएमवाल्या, म्हणजे बांधणं, हुकूमत, वेदना असले खेळ खेळणाऱ्या, लोकांमध्ये ऐंशीच्या दशकापासून सुरक्षित, समंजस आणि संमतीने हे सूत्र चालत आलंय, नंतर त्याला धोका ओळखून, संमतीने असं दुसरं सूत्र जोडलं गेलं, आणि या सूत्रांना धरून लिहिणारे लेखक टॅगमध्ये तसं सांगतातही.

पण गोष्टीतून तंत्र शिकू नका. म्हणजे नकोच. कथेतली माणसं दोरीवर तासभर लोंबकळतात आणि उठून चहा करतात, खऱ्या माणसाच्या हाताची नस त्याच्या खूप आधी दबून हात लुळा पडू शकतो. गळा दाबणं तर गोष्टीत दर दुसऱ्या पानावर असतं आणि प्रत्यक्षात त्याची सुरक्षित पद्धत अशी काही नाहीच.

सोडायचं कधी? मी म्हणेन एका किंकला तीन वेगवेगळ्या लेखकांच्या तीन गोष्टी द्या, एकाच लेखकाच्या तीन नव्हे. कारण एक गोष्ट पडली तर दोष किंकचा की लिखाणाचा हे कळत नाही. लिखाणाचा दोष ओळखायची सोपी खूण म्हणजे पात्रांची नावं काढून दुसरी नावं दिली तर काही फरक पडतो का बघा, नाही पडला तर ती यादी आहे, गोष्ट नाही, आणि अशा याद्या तुमच्या आवडत्या प्रकारात पण असतातच. तीनही गोष्टी नीट लिहिलेल्या आणि तरीही तुम्ही घड्याळ बघताय, तर संपलं, पुढच्याकडे वळा, स्वतःला मागासलेले वगैरे समजू नका. आणि मधेच पोटात गोळा आला तर तीन काय, अर्धी पण पुरी करायची गरज नाही.

प्रायव्हसीचं तुमचं तुम्ही बघा, ऑफिसचा लॅपटॉप नको, घरात शेअर केलेला टॅब्लेट नको, एवढं पुरे. जोडीदाराला लिंक पाठवणार असाल तर मात्र सोबत एक ओळ लिहा, "गोष्ट म्हणून आवडली, करून बघायचं म्हणून नाही" किंवा उलट जे काही असेल ते, नाहीतर समोरचा माणूस आठवडाभर विचार करत बसतो की हिला नक्की काय सुचवायचं होतं.

आणि आवडलं तर लेखकाला कळवा. फक्त वाक्याचा क्रम सांभाळा. "ई, मला हे असलं अजिबात आवडत नाही, पण तुझी गोष्ट बरी होती" असं लिहिलेलं मी वाचलंय आणि वाचून लेखकासाठी वाईट वाटलं, ते त्याच्या सगळ्यात खाजगी जागी थुंकण्यासारखं आहे. तेच "तिने लेस सोडायला घेतली तिथे माझा श्वास अडकला, आणि हे माझं किंक पण नाही" असं लिहिलं तर तो लेखक ती कमेंट सेव्ह करून ठेवेल.